पाठ भिजते पण सॅक सुटत नाही

प्रश्न: तीन महिने झाले, मी सायकलने ऑफिसला जातेय, एका बाजूने ९ किलोमीटर. लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, बदलायचे कपडे सगळं सॅकमध्ये कोंबते आणि पोचेपर्यंत पाठ ओलीचिंब, खांदे भरून आलेले. कोणी म्हणतं पुढे बास्केट लाव, कोणी म्हणतं पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायची बॅग, घे. सायकलला कॅरिअर नाहीये. काय करू?

उत्तर: आधी ती भरलेली सॅक वजनकाट्यावर ठेवा. तीन-चार किलोच्या आत भरली तर सॅक काही वाईट नाही, पण तुमची यादी बघता सहा-सात किलो सहज होत असणार आणि मग प्रश्न नुसत्या घामाचा राहत नाही, एवढं वजन पाठीवर उंच बसलं की वळणावर तोल सांभाळायला जड जातं आणि मान वर केली की सॅक मागून हेल्मेटला ढोसते. म्हणून दुसरा चार्जर आणि बूट ऑफिसलाच ठेवा, जमलं तर सोमवारी आठवड्याचे कपडे एकदम नेऊन टाका.

उरलेलं ओझं मात्र सायकलला वाहू द्या. मागच्या एक्सलजवळ फ्रेमला दोन्ही बाजूंनी आटे असलेली बारीक भोकं आहेत का बघा, सीटच्या खालीही तशीच दोन हवीत. ती असतील तर कॅरिअर सरळ बसतं आणि चांगल्या कॅरिअरवर बऱ्याचदा २५ किलोची मर्यादा छापलेलीच असते, तुम्हाला रग्गड झालं. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, अडकवायचं कॅरिअर दिसायला सोपं असतं, पण ते बऱ्यापैकी कमी वजन घेतं आणि कार्बनच्या सीटपोस्टला तर लावूच नका.

पॅनिअर घेताना नुसती बॅग बघून यायचं नाही, आपली सायकल घेऊन जायचं. बॅग अडकवा, नेहमीचे बूट घालून सीटवर बसा आणि पॅडल उलटं फिरवा. टाच बॅगला घासत असेल तर हुक सरकवून बॅग मागे घ्या, तरीही घासली तर ती बॅग तुमच्या सायकलची नाही. खालचा हुकही कॅरिअरच्या दांडीत नीट अडकला पाहिजे, नाहीतर खड्ड्यात बॅग फडफडते. एकाच बाजूला बॅग असली तर पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, मग विसरायला होतं.

बास्केटबद्दल माझं मत जरा वाईट आहे. हँडलला लावलेल्या बास्केटमधलं वजन हँडलबरोबर फिरतं, सायकल स्टँडवर लावली की पुढचं चाक गर्रकन वळतं आणि सगळं जमिनीवर. जॅकेट, भाजी वगैरेला ठीक, लॅपटॉपला नाही.

पण उतरल्यावर तुम्हाला किती चालायचंय, जिने आहेत का, हे कोणी विचारत नाही. पॅनिअर हातात घेऊन चालणं म्हणजे वैताग, हुक मांडीला टोचत राहतात. तसं असेल तर खांद्याला पट्टा लागणारी बॅग बघा, किंवा सरळ आहे तीच सॅक कॅरिअरवर बांधा. मात्र तिचे लोंबते पट्टे आधी खोचा. माझा एक पट्टा मागच्या चाकात गेला होता, चाक जागेवर थांबलं आणि दोन स्पोक वाकले, मी पडलो नाही हे नशीबच.

प्रश्न: पॅनिअरमध्ये लॅपटॉप धक्क्यांनी खराब नाही का होणार?

उत्तर: पाठीवर असताना तुमचं शरीर धक्के खातं, कॅरिअरवर ते थेट बॅगेत जातात, त्यामुळे भीती अगदीच खोटी नाही. जाड स्लीव्हमध्ये उभा ठेवा, तळाला घडी केलेला टॉवेल घाला म्हणजे कोपरा आपटणार नाही, आणि नुसता स्लीपवर न टाकता पूर्ण बंद करा. चार्जर स्क्रीनच्या बाजूला नको. डबा दुसऱ्या बॅगेत, कारण गळायचा तो गळतोच. पावसात वरून गुंडाळून बंद होणारी बॅग चेनवालीपेक्षा कधीही बरी.

आणि बॅग लावल्यावर एकदा सायकलच्या मागे जाऊन उभे राहा. मागचा लाल लाइट झाकला गेला असेल तर तो कॅरिअरच्या टोकाला हलवा.