पगार नाही, मग हे काम कशासाठी?

साक्री तालुक्यातले एक वडील लिहितात: मुलगी धुळ्याला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नकाशे करायचं ‘क्यूजीआयएस’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्या प्लगइनची, म्हणजे त्याला जोडायच्या छोट्या जादा प्रोग्रामची, वेबसाइट सुधारायला ती रात्र रात्र बसते. अख्खी साइट नव्याने करायची म्हणते. हाती रुपया नाही. हिचं पुढे कसं होणार?

भाऊ, पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या सामाईक पाण्यावरच्या शेतीत, पाटाचा गाळ काढायला जाणारा शेतकरी रोजंदारी मागत नाही, पाणी त्याच्याच शेतात येणार असतं. २००२ साली सुरू झालेलं क्यूजीआयएसही बरंचसं अशाच हातांवर उभं आहे. जगभरचे लोक पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्लगइन लिहितात आणि एका जागी, म्हणजे याच वेबसाइटवर, ठेवतात. ती जागा अडगळीची झाली, तर चांगलं प्लगइन असूनही सापडत नाही. २०१८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा जुनी प्लगइन त्यावर चालेनात, नव्याने लिहावी लागली. ‘हे माझ्याकडे चालेल का?’ याचं उत्तर प्लगइनच्या माहितीच्या फाईलमध्ये असतं, पण ते वापरणाऱ्याला पटकन दिसायला हवं. तुमची मुलगी अशाच कामात आहे. ही साइट जँगो या वेबसाइट बांधायच्या साधनावर बांधलेली आहे आणि जँगो येणाऱ्याला कंपन्यांतही काम मिळतं.

मला काळजी आहे ती ‘अख्खी साइट’ या शब्दांची. नवख्याने एकदम सगळं बदलून पाठवलं, तर ते तपासायला कुणाला वेळ नसतो आणि पोर खचते. तिने एकच चूक निवडावी, आधी तिथल्या जुन्या लोकांना विचारावं, मग दहा-वीस ओळींची दुरुस्ती पाठवावी. इंग्रजी साधं चालतं. स्वीकारलेली दुरुस्ती तिच्या नावावर सगळ्यांना दिसेल अशी राहते. मुलाखतीत ती उघडून दाखवता येते. ‘गूगल समर ऑफ कोड’ या गूगलच्या उपक्रमात अठरा वर्षांपुढच्या नवख्यांना अशाच कामाचं मानधन मिळतं. त्याच्या निवडीतही आधी केलेल्या दुरुस्त्या उपयोगी पडतात.

जागरण मात्र बंद. आठवड्याला सात-आठ तास पुरे, परीक्षेच्या महिन्यात तेही नाही. पदवी सोडायचा विचार तर नकोच.

आणि तिला तुमच्या फडाचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये करायला सांगा: बंधारा, पाट, पाणी देणाऱ्या पाटकऱ्याची पाळी. तुम्ही शेजारी बसून सांगा, ती काढेल. प्लगइन शोधताना जिथे तिचं अडेल, तीच तिची पहिली दुरुस्ती. कुठे अडलं ते मला नक्की कळवा.