ट्रस्टींना काय सांगायचं?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

देवळाच्या ट्रस्टींनी स्मरणिकेसाठी लेख मागितलाय आणि गाईड म्हणतात, 'आधी पीएचडी, समाजसेवा मग'. लेख लिहू की नको, असं तू विचारलंस. गाईडचं अर्धं खरं आहे. स्मरणिकेतला लेख उद्या प्राध्यापकाच्या मुलाखतीत कुणी विचारातही घेणार नाही. पण तू भवानी पेठेतल्या त्या देवळात कीर्तनं ऐकत बसलीस, जुन्या बाडांचे फोटो काढलेस, म्हाताऱ्यांच्या तोंडचे अभंग रेकॉर्ड केलेस. प्रबंध इंग्रजीत होणार. देवळातल्या माणसांना काय मिळालं? तेव्हा लेख लिहायचाच.

खरी मेख पुढे आहे. त्यांना देऊळ 'हजार वर्षांचं' हवंय आणि तुझ्या हातात पेशवाईतला एक मोडी कागद आहे. तिथे गुळमुळीत लिहू नकोस. 'सर्वांत जुना कागद पेशवाईतला. देऊळ त्याआधीचं असू शकेल, पण आज पुरावा नाही,' एवढंच लिही. शेजारी कागदाचा फोटो, खाली बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, वाचन. हजार वर्षांची आख्यायिकाही दे, मात्र 'असं सांगतात' म्हणून. रुसतील. तरी पुढच्या एकादशीला जा.

'समाजसेवा मग' म्हणणाऱ्यांना जुन्या अभ्यासकांची उदाहरणं सांग. संस्कृतचे पंडित रा. गो. भांडारकरांनी वैष्णव-शैव पंथांवरचा ग्रंथ १९१३ मध्ये लिहिला. त्याच्या कितीतरी आधी, १८९१ मध्ये, स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला होता. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी कलकत्ता विद्यापीठातला अडीचशेचा पगार सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना पन्नास रुपये पत्करले, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून काम करायचं होतं. पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं, परळला कामगारवस्तीत बहुजन विहार काढला. (तू मात्र पगार सोडू नकोस. कोथरूडचं भाडं पन्नास रुपयांत भागत नाही.)

वेळेचं म्हणशील, तर शनिवारची दुपार देवळाला दे, बाकी आठवडा प्रबंधाला. गणपतीत व्याख्यानांची आमंत्रणं येतील, एखाददुसरंच घे. आणि देवस्थानाचा वाद पेटला की चॅनेलवाले फोन करतील. तुझा अभ्यास नसलेल्या देवळाबद्दल तोंड उघडू नकोस.

बाडांच्या स्कॅनची एक प्रत पेनड्राइव्हवर ट्रस्टला दे. दुसरी भारत इतिहास संशोधक मंडळात ठेवून घेतील का, ते विचार. पण त्याआधी ट्रस्टची लेखी परवानगी घे. छापायला देण्यापूर्वी मोडीचं वाचन मला दाखव, तारखेच्या ओळीत नेहमी घोटाळा होतो.

तुझा,
सर