पीथमपूरला खरेदी विभागात आहे. सॅपमध्ये (कंपनीच्या खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारी पार्टी, नावाने शोधला तर कधी काहीच येत नाही, कधी ढीगभर यादी. काय करावं?

अख्खं नाव टाकूच नका. इंदूरात एकेका अग्रवालची तीन-तीन स्पेलिंगं! इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं, मग तारा (*), शेवटची तीन अक्षरं आणि पुन्हा तारा टाका, तिन्ही सापडतील. एखाद्याच अक्षराची शंका असेल तर तिथे अधिकचं चिन्ह (+). यादी फार लांबली तर किती नावं दिसावीत ही मर्यादा वाढवत बसू नका, शहर टाका.

खरं तर नावापेक्षा जीएसटी नंबर बरा, मास्टरमध्ये (व्हेंडरच्या मूळ नोंदीत) भरलेला असला तर. त्यातली 3 ते 12 ही अक्षरं म्हणजे पॅन. सुरुवातीचा 23 हा मध्य प्रदेशचा कोड. पॅन दोन ताऱ्यांमध्ये टाकलात की त्याच पार्टीची गुजरात-महाराष्ट्रातली नोंदणीही येते, आणि कुणीतरी घाईत दुसऱ्यांदा उघडलेलं खातंसुद्धा.