रायवळ आंब्याची जुनी जात कोय लावून टिकते का?

आजोळच्या परड्यातलं रायवळाचं, म्हणजे कोयीपासून आलेल्या गावठी आंब्याचं, म्हातारं झाड, जागा विकायची चाललीय, कोयी नेऊन लावल्या तर तोच आंबा मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही मिळणार. कोयीत दुसऱ्या झाडाचा पराग आलेला असतो, रोप निराळ्याच चवीचं निघतं. तोच आंबा हवा तर त्याच झाडाची काडी घेऊन कलम बांधायला हवं.

आमच्या राजापूरकडच्या घरामागे असाच एक आंबा होता, आम्ही त्याला गोटी म्हणायचो. लहान, रेषाळ, आंबटगोड. आजी त्याचंच सासव, म्हणजे मोहरी-खोबरं वाटून लावलेलं आंब्याचं कालवण, करायची आणि उरलेल्या रसाची साठं, म्हणजे वाळवलेल्या पोळ्या, घालायची. हापूसच्या फोडींचं सासव म्हणजे गोडमिट्ट लगदा, त्याला बिटकाच, असा लहान रायवळच लागतो. पण थोरल्या भावाचं एकच पालुपद, "रायवळाला दर नाही, तेवढ्या जागेत चार हापूस उभे राहतील." लाकूडवाल्याशी बोलणीही झालेली.

मी गावातल्या कलमं बांधणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी शेंड्याकडच्या, डोळा म्हणजे टोकाचा कोंब फुगलेल्या काड्या उतरवल्या. पावसाळा नुकताच लागला होता, परसात कोयींची रोपं तांबूस पानांवर आली होती. पडवीत बसून त्यांनी एकेका रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीची पाचर बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणभर पोचवलेलं हेच ते कोय कलम. भाऊ ओटीवरून म्हणाला, "कशाला हा उपद्व्याप?" गोटी पुढे तोडलीच, तिच्या फळ्या खोक्यांना गेल्या. आज माझ्या दारात आणि माहेरच्या दोन घरांत तीच गोटी धरते.

दर नाही म्हणे! हापूस तरी कसा टिकला? पिढ्यानपिढ्या कलमं बांधूनच. त्या कलमांखाली खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधतात ते मुळाचं रोप, असतो तो रायवळाचा, मुंबईला जाणाऱ्या लाकडी खोक्यांच्या फळ्याही रायवळाच्या. शिवाय हापूसमध्ये साका निघतो, वरून फळ देखणं आणि आत पांढरट, आंबूस गर. गोटीत मी तो कधी पाहिला नाही. ज्याच्या जिवावर बाग उभी, त्यालाच पडीक म्हणायचं, हे मला आजही पटत नाही.

तुम्ही काय कराल? खरेदीखत व्हायच्या आधी काड्या काढा. तीन-चार महिन्यांची निरोगी काडी निवडा, आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापा म्हणजे डोळा फुगेल. काढल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून लगेच रोपवाटिकेत न्या, काड्या तुमच्या असल्या तर बरेच जण कलमं बांधून देतात. एकाच जागी लावू नका, नात्यातल्या तीन घरी तरी द्या.

म्हाताऱ्या झाडाला नवी पालवी कमी येते, तेव्हा आधी एखादी फांदी छाटून धुमारे फुटू द्यावे लागतील. सगळी कलमं जगत नाहीत, म्हणून जास्तच बांधून घ्या, फळालाही चार-पाच वर्षं लागतात. आणि घेणारा उद्या झाड पाडतो म्हणाला तर १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, परवानगी लागते, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.