‘एवढे पैसे घातले, तरी समाधान नाही’

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली माणसं समुपदेशकाकडे कशाला येतील, असं कुणालाही वाटेल. पण येतात, आणि तक्रार बहुधा ठरलेली असते: ‘मल्टिफोकल लेन्स टाकली, चष्मा जाईल म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे मोजले. डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. मग मलाच का नीट दिसत नाही? फसलो का आम्ही?’ घरच्यांनी ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून पाठवून दिलेलं असतं.

हे मनाचे खेळ नसतात, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स सगळा प्रकाश एकाच अंतरासाठी वापरते. बहुतेक वेळा ते लांबचं असतं, मग वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्स तोच प्रकाश लांबच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देते. वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं कमी येणारच. म्हणून रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात, मंद उजेडात रंगाला लागून असलेला रंग वेगळा उठत नाही. मेंदू ही कडी हळूहळू दुर्लक्षित करायला शिकतो, पण त्याला काही महिने लागतात.

सुनंदाताई (नाव बदललं आहे) वयाच्या साठीतल्या, घरी ब्लाउज शिवणाऱ्या. दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल. खर्च मुलाने केलेला. मी त्यांना आधी पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सगळ्यांनाच पाठवते. उरलेला नंबर, कोरडे डोळे, लेन्सच्या मागच्या पडद्यावर आलेला धुरकटपणा, यांतलं काही असेल तर नुसत्या बोलण्याने काय होणार? त्यांचे डोळे कोरडे निघाले. ड्रॉप्स सुरू झाले, फरक पडला. तक्रार मात्र तेवढीच.

“नेमकं कुठे अडतं?” मी विचारलं.

“काळ्या ब्लाउजला हूक लावताना. काळ्यावर काळा दोरा दिसतच नाही हो.”

“तेवढ्यापुरता जवळचा चष्मा लावून पाहिलात?”

त्या एकदम ताठ बसल्या. “चष्माच लावायचा होता तर साधी लेन्स नसती का टाकली?”

बोलता बोलता त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला, माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि हात बदलला. हे त्यांच्या ध्यानीही नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सवयच लागलीय. संध्याकाळी अजयचा फोन येतो, ‘आई, आता कसं दिसतंय?’ म्हणून. त्याला खरं सांगायला नको का?”

इथे मला धागा सापडला. बाई डोळ्यांनी बघत नव्हत्या, डोळ्यांचा हिशेब तपासत होत्या. ज्या कड्यांकडे मेंदूने काणाडोळा करायला शिकायचं, तीच त्या रोज शोधून काढत होत्या.

“समजा अजयने तुम्हाला चष्मा लावून हूक लावताना पाहिलं, तर काय म्हणेल तो?”

“तो काही म्हणायचा नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “मलाच वाटेल, पोराच्या पैशाचं वाटोळं केलं.”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. घटनेपेक्षा तिच्यावर आपण लादलेली अट जास्त छळते, हे त्यातलं सूत्र माझ्या अनुभवाला वारंवार उतरलं आहे. चष्मा लागला नाही तर बरं, ही इच्छा रास्तच. पण चष्मा लागता कामा नये, नाहीतर मी गुन्हेगार, हा हट्ट झाला. आणि त्या हट्टापायी साध्या चष्म्याने सुटणारी अडचण महिनोन्‌महिने तशीच राहते.

एक आठवडा त्यांना फक्त टिपून ठेवायला सांगितलं: चष्म्याशिवाय काय जमलं, काय नाही. जमलेल्यांत टेपवरचे आकडे, बसची पाटी, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, नातीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. न जमलेल्यांत काळं आणि गडद निळं कापड, तेही संध्याकाळनंतर.

“मग अजयचे पैसे वाया कुठे गेले?”

वही बघत त्या हसल्याच. “काळ्या ब्लाउजात!”

त्यानंतर मशीनशेजारी चांगल्या उजेडाचा दिवा आला, डॉक्टरांनी सांगितलेल्या नंबरचा चष्मा कात्रीच्या डब्यात आला. अजयला मी रोजचा तो प्रश्न बंद करायला सांगितलं. दिव्यांभोवतीची कडी आहेत का, असं पुढच्या भेटीत विचारलं तर म्हणाल्या, “असतील. बघितलं नाही.” हे उत्तर ऐकून मला झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींना खरंच ती लेन्स सोसत नाही, क्वचित बदलावीही लागते. म्हणूनच लेन्सच्या मागच्या पडद्यावरचा धुरकटपणा काढणाऱ्या लेझरची घाई करू नये, कारण लेझरनंतर लेन्स बदलणं अवघड होतं.

आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी आपला दिवस डॉक्टरांना सांगावा. रात्री गाडी चालवता का, बारीक काम कोणतं, कुठल्या उजेडात करता. मधुमेहाने डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) बिघडला असेल किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टर बहुधा साधीच लेन्स सुचवतात. त्यात कमीपणा नाही. ‘चष्मा जाईल ना?’ याला उत्तर ‘हो’ असंच मिळतं. ‘कुठल्या कामाला चष्मा लागू शकतो?’ असं विचारा, आणि पैसे देणाऱ्या मुलालाही तेव्हा शेजारी बसवा.