"गोळीनं किडनी जाते म्हणे!"

एनसीडी कक्षात, म्हणजे मधुमेह-बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात, सर्वांत जास्त कानावर येणारी तक्रार ही: "घरातलं माणूस मोबाइलवरचं वाचून शुगरची गोळी बंद करतं, समजवायचं कसं?" मागे एक सूनबाई हेच घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सासरे एसटीतून निवृत्त झालेले चालक. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सोडून ऑनलाइन मागवलेली पावडर सुरू होती. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, सातवरून दहाच्या वर गेली होती.

'हे खोटं आहे' सांगणारे व्हिडिओ सूनबाईंनी पाठवून झाले होते. उपयोग शून्य. फॉरवर्डला फॉरवर्डनं उत्तर दिलं की घरात भांडणच वाढतं, असं माझं स्पष्ट मत. म्हटलं, काकांनाच घेऊन या, आणि तो पावडरीचा डबाही आणा.

काका आले ते घुश्श्यातच. पावडरीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. विचारलं, "काका, गोळीची धास्ती कधीपासून?" तेव्हा कळलं, थोरल्या भावाचं डायलिसिस चालू आहे. "तोही हीच गोळी खायचा." भीती आधीचीच होती, व्हॉट्सॲपनं तिला दुजोरा दिला इतकंच.

अशा वेळी 'सगळं थोतांड आहे' म्हणून चालत नाही, कारण त्यात खऱ्याचा एक कण असतो. किडनी बरीच कमजोर झाली की डॉक्टर मेटफॉर्मिनचा डोस कमी करतात, फारच खालावली तर बंद करतात. तेवढं ऐकून लोक उलटा अर्थ काढतात, की गोळीनंच किडनी जाते. किडनी पोखरते ती वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर आणि बीपी. काकांचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट त्यांच्याच फायलीत होता, ठीक होता. तो त्यांनाच वाचायला लावला.

मग डबा. मोबाइलवरच्या जाहिरातीत 'मधुमेह मुळापासून बरा'. डब्यावर मात्र तसं कुठेच नाही! मागे मुंगीएवढ्या अक्षरांत एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'.

"म्हणजे औषध नाहीच?"

"नाही काका. परवाना खाद्यपदार्थाचा आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानंच बंदी आहे."

"मग विकतात कसे?" काका भडकले. प्रश्न रास्तच आहे. सर्रास विकतात, एवढंच मी सांगू शकले.

सूनबाई बचत गटात आहेत. गटाच्या बैठकीला बायकांनी घरातले असले डबे-बाटल्या घेऊन यायचं आणि आशाताईंसमोर जाहिरात व लेबल शेजारी ठेवून वाचायचं, असं आम्ही ठरवलं. इंग्रजी वाचणाऱ्या पोरांना मी मेडलाइनप्लस दाखवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही साइट. तिथे जाहिराती नसतात आणि माहिती कधी तपासली त्याची तारीख असते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी राज्याचा आरोग्य सल्ल्याचा १०४ क्रमांक.

काकांनी गोळी लगेच सुरू केली नाही. "तुमचंही ऐकलं, आता डॉक्टरांना विचारतो," म्हणाले. मला ते आवडलं. रिपोर्ट हातात घेऊन ते ओपीडीच्या रांगेत उभे राहिले, विचारून आले, आणि मग सुरू केली.