तांबड्या समुद्राची पातळी उपग्रहाच्या आकड्यांत उन्हाळ्यात खाली आणि हिवाळ्यात वर दिसते. माझे गणित चुकले आहे का?

नाही, आलेखाची दिशा बरोबर आहे. पाणी तापले की फुगते, म्हणून उन्हाळ्यात पातळी चढेल असे वाटते. तापमानाचा तो परिणाम इथेही असतो, पण वारा त्याच्यावर मात करतो. दक्षिण भागात साधारण ऑक्टोबर ते मे वारा आग्नेयेकडून येतो आणि एडनच्या आखातातले पाणी बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीतून आत लोटतो. जून ते सप्टेंबर तो वायव्येकडून वाहतो आणि वरचा थर बाहेर काढतो. बाष्पीभवन (वर्षाला सुमारे २ मीटर) उलट हिवाळ्यात जास्त असते, तरीही पातळी तेव्हाच वर असते. यावरून सामुद्रधुनीतून किती पाणी आत येत असेल ते लक्षात घ्या.

चढउतार नेमका किती, हे काढताना मात्र जपायला हवे. मी आधी आकडे कोणत्या उपग्रहाचे आहेत ते बघतो. टोपेक्स-पोसायडन (१९९२), जेसन आणि सेंटिनेल-६ ही मालिका दर ९.९१५६ दिवसांनी त्याच रेषेवर येते. तेवढ्या अंतराने मोजल्यामुळे के-१ ही दैनिक भरती १७३ दिवसांच्या लाटेसारखी दिसते, म्हणजे सहामाही घटकात मिसळते. आपल्या इस्रोचा आणि फ्रान्सचा सरल (२०१३) किंवा सेंटिनेल-३ सूर्यानुगामी कक्षेत (एखाद्या जागेवरून नेहमी त्याच स्थानिक सौरवेळेला जाणाऱ्या) फिरतात; त्यांच्यात हीच भरती बरोबर एका वर्षाची लाट होऊन बसते. भरतीच्या मॉडेलमध्ये उरलेली सेंटिमीटरभर चूकही मग ऋतुबदल म्हणून मोजली जाते. म्हणून वार्षिक आयाम (चढउताराची उंची) जेसनच्या रेषांवरून काढा, बाकीचे उपग्रह मधली जागा भरायला वापरा. सरासरी, कल (वर्षानुवर्षांचा चढ वा उतार), वार्षिक व सहामाही साइन-कोसाइन हे सगळे एकाच लघुतम वर्ग समीकरणात (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वात कमी ठेवणाऱ्या) बसवा. आधी कल काढून मग ऋतू बसवला तर अपुऱ्या वर्षांमुळे दोन्ही बिघडतात.

समुद्र सर्वात रुंद जागीही जेमतेम ३५० किमी असल्यामुळे किनाऱ्याचा त्रास सतत असतो. उपग्रहावरच्या, हवेतले बाष्प मोजणाऱ्या रेडिओमीटरमध्ये किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटरपर्यंत जमीन डोकावते, तिथे बाष्पाची दुरुस्ती हवामान मॉडेलची घ्या.

भरतीमापकाशी तुलना करताना हवेच्या दाबाची दुरुस्ती दोन्हीकडे सारखीच हवी: १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १ सेंमी. उन्हाळ्यात तिथला दाब कमी असल्याने पाणी थोडे वर उचलले जाते, म्हणून दुरुस्ती न केलेल्या मापकात चढउतार उपग्रहापेक्षा कमी भरतो. बहुतेक 'न जुळणारे' आलेख इथेच अडकलेले असतात.

शेवटची खात्री ग्रेस (२००२–२०१७) आणि ग्रेस-एफओ (२०१८ पासून) या उपग्रहांच्या गुरुत्वमापनाने होते. अल्टिमीटरच्या (उपग्रहावरच्या उंचीमापकाच्या) पातळीतून तापमान-क्षारतेचा वाटा वजा केला की पाण्याच्या वस्तुमानाचा वाटा उरतो, तो ग्रेसशी जुळायला हवा. पण ग्रेसची नजर सुमारे ३०० किमीची, त्याहून लहान भाग तिला वेगळे दिसत नाहीत. इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबर पाऊस साठतो, नेमका समुद्र रिकामा होत असताना, आणि त्या वजनाचा अंश समुद्राच्या आकड्यांत गळून (मिसळून) चढउतार लहान दिसतो. किनारारेषेची गळती दुरुस्त केलेले मॅस्कॉन (ग्रेसचे ठरावीक तुकड्यांत मांडलेले वस्तुमानाचे आकडे) वापरा.